महापौरांनी सभेत आदेश दिले, तरी काम का होत नाही?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. तुमच्या सोसायटीसमोरच्या रस्त्यावर दर पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचतं आणि तळमजल्यावरच्या घरांत, दुकानांत शिरतं. मागच्या सभागृहाच्या काळात तुमच्या नगरसेविकेने हा विषय महापालिकेच्या सर्वसाधारण सभेत दोनदा काढला. एकदा तर तिने महापौरांच्या आसनासमोर ठिय्या दिला. वर्तमानपत्रात फोटो आला, महापौरांनी 'प्रशासनाने तातडीने कार्यवाही करावी' असे आदेश दिले. पुढे काहीच झालं नाही. मग चार वर्षं प्रशासक होते, आता नवं सभागृह आलं आहे. तेव्हा तुम्ही पंधरा-वीस जणांनी स्वतःच सभेला जाऊन बोलायचं ठरवलंय. तसं बोलता येतं का, आणि येत नसेल तर दाद कुठे मागायची?

माझी नोकरी एका महापालिकेच्या नगरसचिव कार्यालयात गेली. विषयपत्रिका काढणं, सभेचं इतिवृत्त लिहिणं, मंजूर ठराव त्या त्या खात्याला पाठवणं हे आमचं काम. त्यामुळे सभेत काय गाजलं आणि त्यातलं कागदावर काय उतरलं, यातलं अंतर मी जवळून पाहिलं आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या अंतरातच आहे.

आधी सरळ उत्तर. सभेला जाता येतं, बोलता येत नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातल्या सभेच्या नियमांनुसार सर्वसाधारण सभा लोकांसाठी खुली असते. हजर असलेल्या बहुसंख्य सदस्यांनी ठराव करून एखाद्या विषयाची चर्चा खासगीत घ्यायची ठरवली, तरच प्रेक्षकांना बाहेर जावं लागतं. मुंबईला १८८८ चा स्वतंत्र कायदा आहे, पण त्यातही हीच तरतूद आहे. काही ठिकाणी गेटवर पास मागतात, नगरसेवकाची चिठ्ठी मागतात; ती व्यवस्था जागेसाठी आणि सुरक्षेसाठी असते. तिच्या नावाखाली कुणी सरसकट प्रवेश नाकारत असेल तर नगरसचिवांकडे लेखी मागणी करा. मात्र गॅलरीतून बोललात, घोषणा दिल्यात, तर अध्यक्षस्थानी असलेल्या व्यक्तीला तुम्हाला बाहेर काढण्याचा अधिकार आहे आणि तो वापरला जातो. त्या दिवशी बातमी तुमच्या गटाराची होत नाही, गोंधळाची होते.

आता 'आदेश दिले' याचा अर्थ. महापौरांना सभा चालवण्याचे अधिकार आहेत. रस्ता खणायला, निविदा काढायला, पैसे खर्च करायला लागणारा कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतो, आणि आयुक्तांनाही तो अंदाजपत्रकात तरतूद असेल तरच वापरता येतो. सभेच्या सुरुवातीला नगरसेवक आपल्या भागातल्या तक्रारी मांडतात. कुणी औचित्याचा मुद्दा म्हणून मांडतं, कुणी हातात गढूळ पाण्याची बाटली घेऊन येतं. हे सगळं बहुतेक वेळा विषयपत्रिकेच्या बाहेरचं असतं. विषय पत्रिकेवर नाही म्हणजे त्यावर ठराव नाही. ठराव नाही म्हणजे ठराव क्रमांक नाही. आणि क्रमांक नाही म्हणजे दुसऱ्या दिवशी नगरसचिव कार्यालयातून मलनिस्सारण किंवा पथ खात्याकडे जाणारा कागदच निघत नाही. इतिवृत्तात फार तर एक ओळ येते: 'सन्मानीय सदस्यांनी पाणी साचण्याबाबत भावना व्यक्त केल्या.' तुमच्या नगरसेविकेने मनापासून भांडण केलं यात मला शंका नाही. पण त्या भांडणाला धरायला फाइलच नव्हती.

पत्रिकेवर असलेला विषय कसा दिसतो ते एकदा पाहाच. साधारण मजकूर असा असतो: 'मा. महापालिका आयुक्त यांजकडील अमुक तारखेचे जावक क्रमांक अमुकचे पत्र. प्रभाग क्रमांक अमुकमधील अमुक चौक ते अमुक नाला येथे पावसाळी गटार वाहिनी टाकणेकामी येणाऱ्या खर्चास अंदाजपत्रकातील अमुक लेखाशीर्षातून मान्यता देणेबाबत.' या एका वाक्यात चार गोष्टी बसल्या आहेत: कुठून कुठपर्यंत, कोणतं काम, किती खर्च आणि कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या कोणत्या सदरातून. यातली एकही गोष्ट नसेल तर विषय पुढे सरकत नाही. विषयावर सभा काय करते तेही ओळखायला शिका. 'मंजूर' म्हणजे मंजूर. 'उपसूचनेसह मंजूर' असेल तर मूळ प्रस्तावात बदल झालाय. ती उपसूचना मिळवून वाचाच, कारण कधी कधी कामाची जागा तिथेच बदललेली असते. 'तहकूब' म्हणजे पुढच्या सभेत. 'अभिप्रायासाठी प्रशासनाकडे' म्हणजे काही महिने विसरा. आणि 'दप्तरी दाखल' झाला म्हणजे विषय संपला. तो पुन्हा आणायचा तर नव्याने प्रस्ताव लागतो.

पुष्कळ सभा श्रद्धांजली वाहून तहकूब होतात. लोक सुट्टी टाकून येतात आणि दहा मिनिटांत परत जातात. म्हणून निघण्यापूर्वी नगरसचिव कार्यालयात फोन करून सभा 'चालणार' आहे का एवढं विचारा. तिथल्या माणसांना बहुधा आदल्या दिवशी अंदाज आलेला असतो.

तुमच्या बाबतीत माझं सांगणं असं की सर्वसाधारण सभेचा नाद आत्ता सोडा. तिथे पोचेपर्यंत तुमच्या कामाचं भवितव्य खाली तीन-चार टेबलांवर ठरून गेलेलं असतं. त्या टेबलांपाशी नागरिकाला जाता येतं, बोलताही येतं. तिथे गर्दी नसते, कॅमेरे नसतात, म्हणून कुणी जात नाही, इतकंच.

पण त्याआधी एक काम तुमचं तुम्हीच करायचं आहे. पाणी कुठून येतं ते ठरवा. तुमच्या पत्रात 'ड्रेनेज तुंबतं' एवढंच आहे. महापालिकेत ड्रेनेज नावाखाली निदान तीन वेगळ्या गोष्टी येतात आणि तिन्हींची खाती, लेखाशीर्षं, अभियंते बहुतेक ठिकाणी वेगळे असतात. घरातलं सांडपाणी नेणारी मलवाहिनी वेगळी, रस्त्यावरचं पाणी नेणारं पावसाळी गटार वेगळं, आणि नैसर्गिक नाला किंवा ओढा त्याहून वेगळा. चुकीच्या खात्याकडे गेलेला अर्ज 'आपले कार्यालयाशी संबंधित नाही' असा शेरा घेऊन फिरत राहतो आणि पावसाळा निघून जातो.

पहिल्या मोठ्या सरीला छत्री घेऊन उभे राहा आणि नीट बघा. चेंबरच्या झाकणातून काळं, वास येणारं पाणी उसळत असेल तर मलवाहिनी तुंबली आहे, किंवा कुणीतरी गच्चीचं आणि आवारातलं पावसाचं पाणी मलवाहिनीत जोडलं आहे. हा प्रकार फार आहे, तुमच्याच सोसायटीत नाही ना हेही बघा. गढूळ, मातीचं पाणी वरच्या बाजूने वाहत येत असेल तर वर कुठे टेकडी फोडली आहे का, भराव टाकला आहे का, बांधकामाचा राडारोडा पडला आहे का हे पाहायला हवं. रस्त्याच्या कडेच्या जाळीतून पाणी आतच जात नसेल तर जाळ्या बुजल्या आहेत किंवा रस्त्यापेक्षा वर राहिल्या आहेत. जाळीतून पाणी उलटं वर येत असेल तर पुढे नाल्याची पातळी वाढली आहे. तुमच्या गल्लीत कितीही मोठा पाइप टाकला तरी उपयोग नाही, नाल्याचंच काम लागेल. आणखी एक कारण असतं, ज्याकडे कुणाचं लक्ष जात नाही: डांबराचे किंवा काँक्रीटचे थर चढून चढून रस्ताच तुमच्या आवारापेक्षा उंच झालेला असतो. मग तो विषय पथ खात्याचा.

हे सगळं मोबाइलवर तारीख-वेळ दिसेल असं टिपा. पाणी कुठपर्यंत चढलं याची खूण भिंतीवर करा आणि टेपने उंची मोजा. 'गुडघाभर पाणी' या शब्दांवर कनिष्ठ अभियंता काही करू शकत नाही. 'वीज खांबाजवळ सव्वा फूट, ओसरायला पावणेदोन तास' यावर त्याला टिपणी लिहिता येते.

आता टेबलं. पहिलं प्रभाग समितीचं. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या आणि आपल्या अधिनियमात कलम २९ अ आलं. त्या भागातले सगळे नगरसेवक, क्षेत्रीय अधिकारी, आणि भागात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत नामनिर्देशित सदस्य अशी ही समिती असते. अंदाजपत्रकात तरतूद असेल तर पाच लाखांपर्यंतच्या कामांना ती मान्यता देऊ शकते. जाळ्या बदलणं, थोड्या लांबीचं गटार, चेंबर उचलून घेणं ही कामं एवढ्यात बसतात. समितीच्या बैठकीला खात्यांचे अभियंते बसलेले असतात, म्हणजे ज्याला काम करायचं आहे तो माणूस समोर असतो. सर्वसाधारण सभेत तो मागच्या रांगेत फाइल धरून बसलेला असतो आणि त्याला कुणी विचारतही नाही. संस्थांच्या प्रतिनिधींच्या त्या जागा अनेक शहरांत रिकाम्या राहतात किंवा कार्यकर्त्यांची सोय लावायला वापरल्या जातात, याचं मला फार वाईट वाटतं. नागरिकाला सदस्य म्हणून बसायला कायद्याने दिलेली ती मोजकी खुर्ची आहे. तुमच्या भागात रहिवासी संघ नोंदणीकृत असेल आणि काम दाखवता येत असेल तर त्या जागेसाठी जरूर अर्ज करा.

पुण्यात क्षेत्रीय कार्यालयांत मोहल्ला कमिटीच्या बैठका होतात, तिथे कुणीही नागरिक उभा राहून बोलू शकतो. मुंबईत १९९७ पासून एएलएमची (अ‍ॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट) व्यवस्था आहे. गल्लीपुरता रहिवाशांचा गट आणि वॉर्ड कार्यालय यांचा थेट संबंध. तुमच्या शहरात याला काय नाव आहे ते क्षेत्रीय कार्यालयात विचारा. २००९ च्या दुरुस्तीने क्षेत्रसभेचीही तरतूद झाली आहे: काही मतदान केंद्रांचा परिसर मिळून एक क्षेत्र आणि तिथल्या मतदारांची सभा, गावातल्या ग्रामसभेसारखी. कायद्यात ती इतकी वर्षं आहे, पण बहुतेक शहरांत भरलेली नाही. नव्या नगरसेवकांकडे तिची मागणी करा, फक्त तुमचं गटार तिच्यासाठी अडवून ठेवू नका.

दुसरं टेबल लोकशाही दिनाचं. महापालिकेत तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, आयुक्त किंवा त्यांचे वरिष्ठ अधिकारी स्वतः बसतात. अर्ज पंधरा दिवस आधी विहित नमुन्यात द्यावा लागतो आणि त्याआधी खालच्या कार्यालयात तक्रार केल्याचा पुरावा असलेला बरा. न्यायप्रविष्ट आणि सेवाविषयक प्रकरणं घेत नाहीत. इथे एकच विषय न्यायचा. लोक एका अर्जात पाणी, कुत्री, पथदिवे, अतिक्रमण सगळं लिहितात. मग उत्तर येतं 'संबंधित खात्यांकडे वर्ग'. लोकशाही दिनाला नोंद होते, खात्याला लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि ते उत्तर पुढे अंदाजपत्रकाच्या वेळी तुमच्या हातात असतं. मोठ्या रकमेचं काम तिथे मंजूर होणार नाही, ही अपेक्षाही ठेवू नका.

तिसरं टेबल अंदाजपत्रकाचं, आणि यावर थोडं थांबून लिहितो, कारण तुमचं काम पाच लाखांत बसणारं नसेल तर खरा निकाल इथेच लागतो.

लोकांना अंदाजपत्रक फेब्रुवारीत आठवतं, कारण तेव्हा आयुक्त ते स्थायी समितीला सादर करतात आणि वर्तमानपत्रात आकडे येतात. मग स्थायी समिती त्यात भर घालते, मग सर्वसाधारण सभेत चर्चा होते. पण खात्यांची मागणी त्याच्या कितीतरी आधी, साधारण दिवाळीच्या आगेमागे, तयार होते. कनिष्ठ अभियंता आपल्या भागातल्या कामांची यादी करतो, उपअभियंता ती तपासतो, कार्यकारी अभियंता छाटतो. त्या पहिल्या यादीत तुमचं काम नसेल तर पुढे ते घुसवायला नगरसेवकाची ताकद लागते आणि तरीही बऱ्याचदा नाममात्र तरतूद मिळते. नाममात्र म्हणजे लेखाशीर्ष उघडायचं, रक्कम टोकन ठेवायची. भाषणात 'काम अंदाजपत्रकात आलं' असं सांगता येतं. निविदा मात्र निघत नाही.

म्हणून तुमचा मुख्य अर्ज गणपतीच्या आसपास क्षेत्रीय कार्यालयात आणि संबंधित खात्याच्या मुख्य कार्यालयात गेला पाहिजे. पाणी साचलेलं असतानाचे फोटो ताजे असतात, आणि यादी व्हायला वेळ असतो. पुण्यात २००६ पासून अंदाजपत्रकात नागरिकांच्या सूचना मागवण्याची पद्धत सुरू झाली. पाच लाखांपर्यंतची कामं क्षेत्रीय कार्यालयात नमुना अर्ज भरून सुचवता येतात, आणि अर्जांची मुदतही पावसाळा संपण्याच्या सुमारास येते. दुसऱ्याही काही महापालिका अशा सूचना मागवतात. जाहिरात लहान असते, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर असते; शोधावी लागते.

तरतूद झाली की निम्मा रस्ता झाला, एवढंच समजा. जानेवारी-फेब्रुवारीपासून स्थायी समितीच्या पत्रिकेवर 'वर्गीकरण' या शब्दाचे विषय येऊ लागतात. एका लेखाशीर्षातली न वापरलेली रक्कम दुसऱ्याकडे वळवायची, त्याला वर्गीकरण म्हणतात. वर्षभर निविदा निघाली नसेल तर तुमच्या गटाराचे पैसे त्या दिवसांत एखाद्या कमानीकडे, फलकांकडे किंवा बाकांकडे जाऊ शकतात, आणि ते पूर्णपणे कायदेशीर असतं. स्थायी समितीची सभा दर आठवड्याला असते आणि एकेका पत्रिकेवर पन्नास-साठ विषय असू शकतात. तुमच्यापैकी एकाने फक्त हेच काम घ्यावं: दर आठवड्याला पत्रिका डाउनलोड करून आपलं लेखाशीर्ष शोधायचं. दिसलं तर त्याच दिवशी स्थायी समितीच्या सदस्यांना आणि आयुक्तांना लेखी हरकत द्यायची. अशा हरकतीवर विषय मागे घेतलेले मी पाहिले आहेत. सगळ्यांना एकगठ्ठा विषय मंजूर करायचे असतात, पण लेखी हरकत पत्रिकेसोबत आली की कुणालाही तो ठपका आपल्यावर नको असतो.

काम वर्षभरात संपणारं नसेल, नाल्यापर्यंतची लांब वाहिनी असेल, तर पुढच्या वर्षांच्या खर्चाची जबाबदारी घेणारा वेगळा ठराव लागतो. पुण्याकडे त्याला अधिनियमातल्या कलमावरून नुसतं 'बहात्तर ब' म्हणतात. तो झाला नाही तर पहिल्या वर्षी अर्धा पाइप पडतो आणि दुसऱ्या वर्षी ठेकेदार बिल मिळत नाही म्हणून थांबतो. रस्त्यात मध्येच संपलेली गटारं तुम्ही पाहिली असतील. त्यातली बरीच अशी झालेली असतात. आणि '६७ (३) (क)' हे कलम कुठे दिसलं तर थांबून वाचा. निकडीच्या प्रसंगी नेहमीची निविदा प्रक्रिया टाळून काम करण्याची ती वाट आहे. भिंत कोसळली, पूल खचला, साथ आली, तर ती हवीच. पण दरवर्षी जूनमध्ये येणारा पाऊस ही आकस्मिक घटना नसते, हे म्हणण्याचा हक्क प्रत्येक करदात्याला आहे.

कागदावर असलेला प्रश्न अंदाजपत्रकात उतरला नाही तर काय होतं याचं मोठं उदाहरण मुंबईचं आहे. पावसाळी पाण्याच्या निचऱ्याचा सविस्तर आराखडा, ज्याला ब्रिमस्टोवॅड म्हणतात, १९९३ मध्ये तयार झाला होता. जुनी व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी होती, ती ५० पर्यंत न्यावी, पाणी समुद्रात फेकणारी उदंचन केंद्रं बांधावीत, असं त्यात स्पष्ट होतं. बारा वर्षं त्यातलं फारसं काही झालं नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि शेकडो माणसं गेली. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती बसली, केंद्राकडून पैसा आला, मग हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह ही केंद्रं झाली. तासाला ५० मिलिमीटरच्या व्यवस्थेने त्या दिवशीचं सगळं पाणी गेलं असतं असं कुणी म्हणणार नाही. पण त्या बारा वर्षांत सभागृहात पाण्यावर चर्चा झाली नसेल असं थोडंच आहे? दर पावसाळ्यात झाली असणार. तरतूद झाली नव्हती.

तुमच्या पत्रात शेवटी एक ओळ आहे: वरच्या बाजूला ओढ्यात भराव टाकून इमारत उभी राहते आहे. ही ओळ तुम्ही शेवटी लिहिली आहे, माझ्या मते ती पहिली हवी होती. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला जे पाणी आलं, त्यानंतर ओढ्याची अरुंद झालेली पात्रं हा विषय किती जिवावरचा आहे हे वेगळं सांगायला नको. पण हा विषय गटाराच्या अर्जात मिसळू नका. तो नगररचना आणि बांधकाम परवानगी खात्याचा आहे. मंजूर नकाशात ओढा कुठे आणि किती रुंद दाखवला आहे ते आधी मिळवा. विकास आराखड्यात ओढ्याची जागा बदलायची किंवा आरक्षण उठवायचं असेल तर प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाखाली सूचना प्रसिद्ध करून हरकती मागवाव्याच लागतात. कलम ३७ खालच्या बदलाला साधारण महिन्याची मुदत असते. त्या मुदतीत दिलेल्या लेखी हरकतीवर तुम्हाला सुनावणीला बोलावतात आणि तिथे तुम्ही कायदेशीरपणे बोलता. मुदत गेली की सभेत कितीही गळा काढला तरी तांत्रिकदृष्ट्या तुमची हरकत अस्तित्वात नसते. मुंबईचा २०१५ चा प्रारूप विकास आराखडा लोकांच्या हरकतींच्या रेट्यापुढे सरकारला बाजूला ठेवून नव्याने करावा लागला होता. तो रेटा हजारो लेखी अर्जांचा होता, वस्तीवस्तीत बसून भरलेल्या. सुनावणीत वेळ थोडा मिळतो, म्हणून बोलण्यातला एकच मुद्दा ठरवून जा आणि बाकी सगळं लेखी द्या.

कागद कुठून मिळवायचे? राज्य शासनाच्या २०१८ च्या आदेशानुसार जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि महापालिकांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना अभिलेख पाहता येतात. सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी. अर्जाची तीस दिवसांची वाट न पाहता फाइल समोर येते. पुण्यात ही पद्धत आधी सुरू झाली होती, तीच पुढे राज्यभर गेली. अजून अनेक कार्यालयांत कर्मचाऱ्यांनाच हे माहीत नसतं. आदेशाची प्रत सोबत ठेवा आणि शांतपणे दाखवा. प्रती हव्या असतील तर माहिती अधिकाराचा अर्ज: दहा रुपये, एक विषय, दीडशे शब्दांच्या आत. तुमच्या बाबतीत मी तीनच गोष्टी मागेन. तुमच्या रस्त्यावरच्या पावसाळी वाहिनीचा नकाशा व व्यास, गेल्या तीन वर्षांत तिच्या सफाईवर झालेला खर्च मोजमाप पुस्तिकेच्या नोंदींसह, आणि प्रशासकांच्या काळात तुमच्या प्रभागासाठी झालेले ठराव.

हा तिसरा मुद्दा विसरू नका. २०२२ पासून २०२६ च्या सुरुवातीपर्यंत बहुतेक महापालिकांत निवडून आलेलं सभागृह नव्हतं. स्थायी समिती आणि सर्वसाधारण सभा या दोघांचे अधिकार एकाच अधिकाऱ्याकडे होते. विषय येत होते, मंजूर होत होते, पण सभा नव्हती, गॅलरी नव्हती, प्रश्न विचारणारं कुणी नव्हतं. त्यातले काही निर्णय चांगलेही होते. पण तुमच्या गटारासाठी त्या काळात काही मंजूर झालं होतं का, झालं असेल तर ते पैसे कुठे गेले, हे तुम्हाला ठरावांची नोंदवही पाहूनच कळेल. कदाचित काम आधीच मंजूर असेल आणि कार्यादेशाअभावी, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करण्याचा आदेश न निघाल्याने, पडून असेल. मग तुमची मागणी पूर्ण बदलते आणि सोपी होते.

नगरसेवकांकडून काय मागायचं तेही सांगतो. मुंबई सोडली तर बहुतेक ठिकाणी आता चार सदस्यांचे प्रभाग आहेत. एकाला भेटलात तर तो उरलेल्या तिघांकडे बोट दाखवू शकतो. म्हणून निवेदन चौघांच्या नावाने एकच काढा, चौघांची स्वतंत्र पोच घ्या. मागणी 'सभेत आवाज उठवा' अशी करू नका. तीन नेमक्या गोष्टी मागा. एक, आयुक्तांना लेखी प्रश्न. तो सात पूर्ण दिवस आधी नगरसचिवांकडे द्यावा लागतो. उत्तर लेखी येतं आणि दप्तरात राहतं. दोन, प्रभाग समितीच्या पत्रिकेवर विषय. तीन, अंदाजपत्रकाच्या सभेत तुमच्या कामाच्या नावाने आणि रकमेने उपसूचना, सूचक आणि अनुमोदक यांच्या सह्यांसह. यातली एकही गोष्ट करायला ठिय्या लागत नाही. विरोधी बाकावरच्या नगरसेवकालाही प्रश्न विचारण्याचा तोच हक्क आहे, त्यामुळे 'आमची सत्ता नाही' हे कारण मान्य करू नका.

मोर्चा काढू नका असं मी म्हणत नाही. काही प्रश्न रस्त्यावर आल्याशिवाय हलत नाहीत, हे मी खुर्चीत बसून पाहिलं आहे. फक्त मोर्चाच्या हातात जे निवेदन असेल त्यात आवक क्रमांक, तारखा आणि लेखाशीर्ष असू द्या. आयुक्त खाली येऊन निवेदन घेतात तेव्हा ते दोन मिनिटं चाळतात. क्रमांक दिसले की शेजारच्या अभियंत्याला विचारतात, 'याचं काय झालं?' नुसत्या भावना दिसल्या तर निवेदन स्वीय सहायकाकडे जातं.

अर्जाचा मजकूर साधारण असा ठेवा: 'अमुक चौकापासून अमुक इमारतीपर्यंत सुमारे १४० मीटर लांबीत पाणी साचते. अमुक आणि अमुक तारखांना अमुक ठिकाणी इतकी उंची मोजली, फोटो सोबत जोडले आहेत. अस्तित्वातील वाहिनीचा व्यास आपल्या नकाशाप्रमाणे इतका आहे. जागेवर पाहणी करून पूर्वगणनपत्रक तयार करावे व पुढील आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकात तरतूद प्रस्तावित करावी. पाहणीच्या दिवशी आमचे दोन प्रतिनिधी हजर राहतील.' यातले आकडे अर्थात तुमचे, मोजलेले. शेवटचं वाक्य जरूर घाला. पाहणीला रहिवासी उभे असले की अभियंता गाडीतून उतरतो, झाकण उघडायला लावतो. एकदा पूर्वगणनपत्रक, म्हणजे खर्चाचा तपशीलवार अंदाज, झालं की काम 'आहे'. मग ते कधी होणार एवढाच प्रश्न उरतो.

काम सुरू झाल्यावर कार्यादेशाची प्रत मागून घ्या. त्यात मुदत आणि दोष दायित्व कालावधी लिहिलेला असतो. त्या कालावधीत वाहिनी खचली, चेंबर बसलं, तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं असतं. आमच्याकडे अशी किती तरी कामं पुन्हा महापालिकेच्या पैशातून दुरुस्त व्हायची, कारण दोष दायित्वाची तारीख कुणाच्या लक्षात नसे. तुम्ही ती तारीख सोसायटीच्या फलकावर लावून ठेवा.

आत्ता लगेच करण्यासारखं म्हणाल तर येत्या सोमवारी तीन वाजता दोघांनी क्षेत्रीय कार्यालयात जावं, तुमच्या रस्त्याच्या वाहिनीची फाइल मागावी. आदल्या दिवशी खात्याचं नाव नक्की करून ठेवा. फाइलमध्ये काय निघालं ते कळवलंत तर पुढचा अर्ज कुणाच्या नावाने करायचा ते मी सांगू शकेन.